अल्पदृष्टी असलेल्या मुलांसाठी पैसे कशाचे मागायचे?

प्रश्न थोडक्यात असा. एका मराठी शाळेत अल्पदृष्टी असलेली सहा मुलं आहेत, तिसरी ते नववीतली. एक देणगीदार पुढे आले आहेत आणि त्यांना शाळेला मोठ्या पडद्याचा व्हिडिओ मॅग्निफायर, म्हणजे कॅमेऱ्याखाली ठेवलेलं पान पडद्यावर मोठं करून दाखवणारं यंत्र, द्यायचा आहे. शाळेतल्या विशेष शिक्षिका विचारतात : हे यंत्र घ्यावं का? नाही तर काय मागावं? अर्जात काय लिहावं? सरकारकडून काही मिळतं का? दोन मुलांच्या पालकांना डॉक्टरांनी ‘चष्म्याने आता यापुढे काही होणार नाही’ असं सांगितलंय, हेही त्यांनी शेवटी लिहिलंय.

मॅडम, आधी यंत्राचं सांगते, कारण देणगीदार उत्तराची वाट बघत असतील. त्यांना नाही म्हणू नका, पण आज होही म्हणू नका. दोन महिने मागून घ्या. तेवढ्या वेळात सहाही मुलांची तपासणी करून घ्या आणि कोणतं मूल कशाने किती वाचतं हे कागदावर आणा. काय विकत घ्यायचं ते त्या कागदावरून ठरू दे.

इतकं ठासून सांगते, कारण असं यंत्र मी एका शाळेत पाहिलंय. दुसऱ्या मजल्यावर संगणकाची खोली, त्यात कोपऱ्यात प्लास्टिकचं कव्हर घातलेलं, वर नावाची चकचकीत पाटी. किल्ली शिपाईमामांकडे. ज्या मुलीसाठी ते आणलं ती पाचवीत, तिचा वर्ग तळमजल्यावर. मराठीचा तास चालू असताना तिने वर जाऊन वाचायचं कसं? ‘कुणी बघायला आलं की चालू करतो,’ असं एक सर प्रामाणिकपणे म्हणाले. यंत्र उत्तम होतं. पण ती मुलगी वाचायची तळमजल्यावर, आणि ते होतं दुसऱ्या मजल्यावर.

आता ‘चष्म्याने काही होणार नाही’ याबद्दल. डॉक्टर बहुतेक वेळा लांबच्या नजरेबद्दल बोलत असतात. अल्पदृष्टी म्हणजे चांगल्या डोळ्याची नजर, योग्य चष्मा लावूनसुद्धा, 6/18 पेक्षा कमी. इतरांना 18 मीटरवरून ओळखू येतं ते अक्षर या मुलाला 6 मीटरवरूनही धड ओळखता येत नाही. हे खरंच. पण पुस्तक काही 6 मीटरवर नसतं. पुस्तक 40 सेंटिमीटरवरून 20 वर आणलं की डोळ्यातली प्रतिमा दुप्पट होते, 10 वर आणलं की चौपट. याला एक रुपया लागत नाही. 10 सेंटिमीटरवरचं स्पष्ट दिसायला डोळ्याला 10 डायॉप्टरचा (डायॉप्टर म्हणजे भिंगाच्या ताकदीचं माप, चष्म्याचा नंबर त्यातच असतो) जोर लावावा लागतो आणि लहान मुलाच्या डोळ्यात तेवढा जोर सहसा असतो. मोठ्या माणसात तो उरलेला नसतो, म्हणून आपल्याला ते बघून आश्चर्य वाटतं. अडचण एवढीच, की तो जोर फार वेळ टिकत नाही. दहा-पंधरा मिनिटांत डोकं दुखतं, ओळ सुटायला लागते आणि मूल ‘कंटाळा आला’ म्हणतं. तो कंटाळा नसतो. अशा मुलाला जवळच्या नंबरचा चष्मा किंवा बायफोकल दिला की तेच मूल अर्धा तास वाचतं. जन्मजात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या मुलांच्या डोळ्यात तर हा जोर मुळातच नसतो, कारण जोर लावणारं भिंगच काढलेलं असतं. त्यांना जवळचा नंबर द्यायलाच हवा, आणि नेमका तोच राहून गेलेला मला पुन्हा पुन्हा दिसतो.

उलटंही असतं. एक मुलगा होता, जाड चष्म्याचा, साधारण उणे 12 नंबरचा. वाचताना चष्मा कपाळावर सरकवायचा आणि पुस्तक नाकाला लावायचा. त्यासाठी त्याने वर्गात आणि घरीही धपाटे खाल्ले होते. खरं तर त्याने स्वतःच स्वतःचा उपाय शोधला होता. उणे 12 च्या डोळ्याला चष्म्याविना साधारण 8 सेंटिमीटरवरचं विनासायास स्पष्ट दिसतं. त्याच्याकडे फुकटचं भिंग होतं आणि आपण ते त्याला वापरू देत नव्हतो.

जवळून वाचल्याने डोळे बिघडतात हा समज फार जुना आहे. लंडनमध्ये 1908 साली अशा मुलांची वेगळी शाळाच काढली होती, त्यांना डोळे कमीत कमी वापरू द्यावेत म्हणून. नजर ‘वाचवायची’ ही कल्पना पुढे कित्येक दशकं टिकली. 1964 मध्ये अमेरिकेतल्या शिक्षणतज्ज्ञ नॅटली बरागा यांनी अल्पदृष्टी मुलांना बघण्याचा सराव देऊन दाखवून दिलं की मुलं उरलेली नजर जास्त चांगली वापरायला शिकतात. शास्त्रात तो वाद तिथेच मागे पडला, आपल्या ओसरीवर अजून चालू आहे. पालकांची बैठक घ्याल तेव्हा हे पहिल्यांदा सांगा. नाही तर भिंग आणून दिलं तरी घरी आजी ते कपाटात ठेवते.

म्हणून खर्चाच्या यादीत पहिल्या ओळी या : नंबरची नीट तपासणी, गरज असेल तिथे जवळचा चष्मा, आणि तिरका वाचनपाट. पुस्तक 10 सेंटिमीटरवर धरायचं तर मूल बाकावर पार वाकतं, मान दुखते, आणि स्वतःच्याच डोक्याची सावली पानावर पडते. पाट तिरका असला की पुस्तक वर येतं, मूल ताठ बसतं. सुतार एका दुपारी सहा पाट करून देईल. खाली पुस्तक अडायला पट्टी, पुढच्या कडेला रबर, म्हणजे पाट घसरणार नाही. दिवा बाजूने आणि मागून, डोळ्यात न येणारा. रंगहीनत्व (अल्बिनिझम, म्हणजे त्वचा-केस-डोळ्यांत रंगद्रव्य नसणं किंवा फार कमी असणं) असलेल्या मुलाला मात्र उजेड जास्त झाला तर दिसायचं बंद होतं. त्याला खिडकीकडे पाठ करून बसवा, आणि मैदानावर टोपी वापरू द्या, गणवेशात नसली तरी.

आता तपासणीतली एक गोष्ट, जी मला पहिली काही वर्षं स्वतःलाच कळली नव्हती. दवाखान्यात जवळची नजर इंग्रजी अक्षरांवर किंवा आकड्यांवर बघतात. मूल तिथे बऱ्यापैकी वाचतं, कागदावर ‘जवळची नजर समाधानकारक’ असं येतं, आणि शाळेत ते मराठीत अडखळतं. कारण देवनागरीत अर्थ अक्षराच्या वर आणि खाली लटकलेला असतो. अनुस्वार म्हणजे एक ठिपका. तो दिसला नाही की चिंतेची चिता होते. उकार सुटला की ‘गुण’चं ‘गण’ होतं. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य यांच्यातला फरक म्हणजे एखादी गाठ किंवा शिरोरेषेतली फट. तिसरी-चौथीपर्यंत मूल अंदाजाने रेटतं, गोष्ट ओळखीची असते. पुढे ‘शुद्धलेखन कच्चं’ असा शेरा पडतो. अहो, ज्या मुलाने रफार कधी पाहिलाच नाही ते तो लिहिणार कुठून?

तेव्हा तपासणीला जाताना मुलाचं चालू इयत्तेचं मराठीचं आणि गणिताचं पुस्तक बरोबर न्या. तज्ज्ञांना सांगा, याच्यावर बघा. ओळखीचा धडा नको, पुढचा, न शिकवलेला घ्या. आणि एक नियम लक्षात ठेवा : मुलाला जेमतेम ओळखता येतं त्या आकारात त्याला वाचता येत नाही. सलग वाचायला अक्षर त्या किमान आकाराच्या दुप्पट ते तिप्पट दिसावं लागतं. ‘वाचून दाखवलं की त्याने’ हा पुरावा अपुरा आहे. किती वेळ आणि किती वेगाने वाचलं ते विचारा.

साधनांकडे येऊ.

लहान मुलांसाठी माझं आवडतं साधन म्हणजे घुमटाकार भिंग, पेपरवेटसारखं, पानावर ठेवून सरकवायचं. मोठं करतं दुपटीच्या आसपासच, पण उजेड स्वतःत गोळा करतं, अंतर सांभाळावं लागत नाही, हात थरथरला तरी बिघडत नाही. मूल नाक त्याच्याजवळ नेतं आणि जवळिकीचा फायदा वर मिळतो. एकच काळजी : दप्तरात कंपासबरोबर लोळलं की महिन्याभरात चरे पडतात. मऊ कापडाची पिशवी शिवून द्या. चरे पडलेलं भिंग मूल वापरत नाही आणि सांगतही नाही.

हातात धरायचं भिंग दिसायला सोपं, वापरायला अवघड. 20 डायॉप्टरचं भिंग पानापासून 5 सेंटिमीटरवर स्थिर धरावं लागतं आणि दुसऱ्या हाताने ओळ पकडावी लागते. शब्दकोश, नकाशातलं गावाचं नाव, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, एवढ्यापुरतं छान. धडा वाचायला स्टँडवरचं, आत दिवा असलेलं बरं. इथे भिंगाचा एक स्वभाव देणगीदारांना समजावून सांगावा लागतो : जितकं जास्त मोठं करावं तितकं एका वेळी कमी दिसतं. दहा पट भिंगातून दोन-तीन अक्षरं दिसतात. मूल ‘म...हा...रा...’ असं अडखळत अडखळत वाचतं आणि ओळीच्या शेवटी येईस्तोवर सुरुवात विसरतं. म्हणून ‘सगळ्यात पॉवरफुल द्या’ ही मागणी चुकीची आहे. काम भागेल तेवढं कमीत कमी मोठं करणारं साधन, हा आमचा नियम.

रेटिनायटिस पिग्मेंटोसासारख्या आजारात कडेची नजर जाते आणि मूल नळीतून बघितल्यासारखं बघतं. त्याला अक्षर मोठं करून दिलं तर त्या नळीत आणखी कमी अक्षरं मावतात. त्याला मोठ्या टाइपाचं पुस्तक देणं म्हणजे वाचन अवघड करणं. त्याला हवा चांगला उजेड, काळी ठळक शाई, आणि ओळ सुटू नये म्हणून मध्ये फट कापलेली काळ्या पुठ्ठ्याची पट्टी. खर्च म्हणाल तर पुठ्ठ्याचा तुकडा.

मोठ्या टाइपातल्या प्रतींचा मोह सगळ्यांना होतो. ए-थ्रीवर झेरॉक्स काढली की काम झालं असं वाटतं. पुस्तकाची चादर होते, बाकावर मावत नाही, भूगोलाचा रंगीत नकाशा काळाकुट्ट येतो, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तोच खर्च. शिवाय मुलाला फक्त तीच प्रत वाचता येते. वर्गात फिरणारी गोष्टीची पुस्तकं, सूचनाफलक, मित्राची वही, हे सगळं बंदच राहतं. प्रश्नपत्रिकेसाठी आणि ज्याला भिंग झेपत नाही अशा लहान मुलासाठी मोठा टाइप जरूर करा, पण तो फोटोकॉपी करून नाही, पुन्हा अक्षरजुळणी करून, आणि दोन ओळींत भरपूर जागा सोडून. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला टेकला की सगळी मेहनत वाया. अशी प्रत काढायला कायद्याची अडचण नाही. कॉपीराइट कायद्यात 2012 साली तशी सूट आली, आणि छापील मजकूर वाचता न येणाऱ्यांसाठी अशा प्रती काढू देणाऱ्या 2013 च्या आंतरराष्ट्रीय मराकेश कराराला मान्यता देणारा पहिला देश भारतच, 2014 मध्ये.

व्हिडिओ मॅग्निफायर. माझं या यंत्राशी भांडण नाही. काळ्यावर पांढरी अक्षरं करता येतात, कितीही मोठी करता येतात, दोन्ही हात मोकळे राहतात. नजर खूपच कमी असलेल्या आणि तासन्‌तास वाचायचं असलेल्या मोठ्या मुलाला याला तोड नाही. तुमच्या सहामध्ये असं कदाचित एखादं मूल असेल. मग त्याच्यासाठी घ्या, शक्यतो हातात मावणारा, वर्गात आणि घरी नेता येणारा. ‘शाळेसाठी’ म्हणून घेऊ नका. आणि घेण्याआधी त्या मुलाने फोनचा किंवा टॅबचा कॅमेरा स्टँडवर लावून महिनाभर वाचून बघू दे. फोनमध्ये मोठं करायची आणि रंग उलटे करायची सोय आधीच असते. तेवढ्यावर भागलं तर प्रश्नच मिटला.

फळ्यासाठी एका डोळ्याची छोटी दुर्बीण असते. ती सहावी-सातवीपासून, सराव दिला तरच. तोवर पहिला बाक, आणि सरांनी फळ्यावर लिहिताना तोंडाने म्हणणं. यालाही पैसे लागत नाहीत.

आठवी-नववीनंतर मजकूर इतका वाढतो की नुसत्या डोळ्यांनी पुरं पडत नाही, ऐकायला शिकवावंच लागतं. पुष्कळ पालकांना ही हार वाटते, तसं नाही. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे संगणकाच्या पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम, 2006 पासून फुकट मिळतो. 2016 मध्ये सुरू झालेल्या सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयात छापील मजकूर वाचता न येणाऱ्यांना नावनोंदणी करून पुस्तकं घेता येतात. फक्त एक सापळा आहे. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या मराठी पीडीएफ दिसायला ठीक असतात, पण स्क्रीन रीडर त्या वाचताना बरळतो. एक ओळ कॉपी करून कोऱ्या फाइलमध्ये चिकटवून बघा. मराठीच उमटली तर फाइल चालेल, भलतीच चिन्हं आली तर ती पुन्हा टाइप करून घ्यावी लागेल, आणि तो खर्च अंदाजपत्रकात यायला हवा.

मुलाने साधन निवडायचं कसं? सोपी रीत सांगते, तुम्ही वर्गात करू शकाल. त्याच्या इयत्तेचे, साधारण सारख्या अवघडपणाचे तीन-चार परिच्छेद घ्या. एक नुसत्या चष्म्याने, एक पाटावर, एक घुमटभिंगाने, एक स्टँडवरच्या भिंगाने. प्रत्येकी एक मिनिट वाचायला लावा आणि बरोबर वाचलेले शब्द मोजा. मग ज्यात आकडा सगळ्यात चांगला आला त्याने पंधरा मिनिटं सलग वाचायला द्या आणि शेवटच्या मिनिटाचे शब्द पुन्हा मोजा. पहिल्या मिनिटाला 40 आणि पंधराव्याला 18 असं झालं तर ते साधन त्याचं नाही. हे आकडे तारखेसह वहीत लिहा. नवं साधन पहिल्या आठवड्यात वेग कमीच करतं, त्यामुळे तीन आठवड्यांच्या सरावानंतर एकदा मोजल्याशिवाय निकाल देऊ नका.

यासाठी साधनं आधी हातात तर हवीत. म्हणून देणगीदारांकडे पहिली मागणी ही करा : साधनांची एक पेटी. दोन-तीन ताकदींची घुमटभिंगं, दिव्याची स्टँडभिंगं, एक दुर्बीण, फटीच्या पट्ट्या, एक टेबलदिवा, दोन पाट. मूल महिनाभर घरी नेतं, परत आणतं, दुसरं नेतं. पेटीवर त्यांच्या नावाची पाटी खुशाल लावा. फोटोही छान येतो, कारण फोटोत मूल वाचत असतं. शिबिरात रांगेत उभं करून सगळ्यांना एकाच ताकदीचं भिंग वाटलेलं मी पाहिलंय, आणि पुढच्या वर्षी त्याच मुलांच्या घरी ते भिंग उन्हात कागद पेटवायच्या खेळात वापरलेलंही. मुलांचा काय दोष!

आता पैसा. पैसा तीन प्रकारचा असतो आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. हक्काचा, एकदाच येणारा, आणि थोडा थोडा पण दर वर्षी लागणारा. ज्या खर्चाला जो पैसा शोभतो तोच तिथे लावायचा.

हक्काचा आधी. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 17 मध्ये आहे की लक्षणीय दिव्यांगत्व, म्हणजे 40 टक्के किंवा जास्त, असलेल्या विद्यार्थ्याला पुस्तकं, इतर शैक्षणिक साहित्य आणि योग्य सहायक साधनं 18 वर्षांपर्यंत मोफत द्यायची. ही जबाबदारी सरकारची आणि स्थानिक प्राधिकरणांची. एखाद्या मुलाच्या प्रमाणपत्रावर कधी 40 पेक्षा कमी आकडा येतो. अशा वेळी ‘बसत नाही’ असं ऐकून परत फिरू नका. त्याच कायद्याचं कलम 16 मुलाच्या गरजेप्रमाणे सोयी करून देण्याबद्दल आहे आणि त्याला 40 ची अट नाही. ते शासनाची मान्यता किंवा अनुदान असलेल्या शाळांना लागू होतं, म्हणजे बोट तुमच्याच मुख्याध्यापकांकडे जातं. टक्केवारी चष्मा लावलेल्या नजरेवर ठरते, म्हणून प्रमाणपत्राला जाण्याआधी नंबर तपासून घ्या, नाही तर सगळं दोनदा करावं लागतं.

समग्र शिक्षा योजनेत विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्यामागे वर्षाला 3500 रुपयांपर्यंतची तरतूद धरलेली असते. त्यातून तपासणी, साधनं, मोठ्या टाइपातली पुस्तकं अशी कामं होतात. त्यासाठी यू-डायसच्या, म्हणजे शाळांच्या सरकारी नोंदणीच्या, माहितीत मुलाची नोंद ‘अल्पदृष्टी’ अशी बरोबर हवी. ही नोंद बहुतेकदा लिपिक भरतात. शेजारी बसून भरून घ्या. दिव्यांगांना सहायक साधनं देणारी केंद्र सरकारची एडिप योजना 1981 पासून आहे. तिला पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा आहे, आणि त्याच कारणासाठी गेल्या 3 वर्षांत मदत घेतलेली नसावी लागते. 12 वर्षांखालच्या मुलांसाठी ही मुदत 1 वर्षाची. म्हणजे एडिपमधून काय घ्यायचं ते जपून ठरवा. घाईत चुकीचं साधन घेतलं तर योग्य साधनासाठी थांबावं लागतं. महागडं, टिकाऊ, ठरलेलं साधन तिथून. चाचपणीची साधनं देणगीदाराच्या पेटीतून.

कंपन्यांचा सामाजिक निधीही 2013 च्या कायद्याप्रमाणे विशेष शिक्षणावर खर्च करता येतो, पण कंपन्यांना मोठे आकडे आवडतात. सहा मुलांसाठी एकट्याने जाण्यापेक्षा तुमच्या केंद्रशाळेच्या गटातल्या दहा-बारा शाळांची मिळून एक पेटी आणि एक फिरती तज्ज्ञ व्यक्ती मागा. देणगीदाराला एकदाच द्यायचं असतं, म्हणून त्यांच्याकडे पेटी, पाट, पहिली तपासणी. आणि सेल, बल्ब, पिशव्या, चरे पडलेल्या भिंगाची बदली, तपासणीला जायचं प्रवासभाडं, ही फुटकळ पण कायमची कामं शाळेच्या खर्चात एका ओळीत घालून घ्या. ही ओळ नसली की दिव्याचं स्टँडभिंग सेल संपले म्हणून सहा महिने पडून राहतं. हसू नका, मी पाहिलंय.

अर्ज एक पान. प्रस्तावना, दिव्यांगांचं सबलीकरण वगैरे नको; वाचणाऱ्याने ते शंभरदा वाचलेलं असतं. प्रत्येक मुलासाठी चार वाक्यं, नाव न देता. उदाहरणार्थ :

‘इयत्ता सहावीतली विद्यार्थिनी. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली, चष्म्यासह नजर 6/36. सध्याच्या चष्म्याने मराठीचं पुस्तक मिनिटाला 22 शब्द वाचते व दहा मिनिटांनी थांबते. जवळच्या नंबरचा चष्मा, तिरका पाट आणि दिव्याचं स्टँडभिंग वापरून 41 शब्द वाचते व अर्धा तास टिकते. ही तीन साधनं तिला कायमची हवी आहेत. सरावासाठी विशेष शिक्षिका आठवड्यातून दोन तास देतील आणि सहा महिन्यांनी हेच मोजमाप पुन्हा करून कळवतील.’

शेवटचं वाक्य सोडू नका. पैसे देणाऱ्याला उपयोगिता प्रमाणपत्र सगळेच देतात, मुलाच्या वाचनाचा आकडा कुणी देत नाही. तो ज्यांनी पाठवला त्यांना दुसऱ्या वर्षी न मागता फोन आलेले मला माहीत आहेत. सोबत तपासणीचा कागद, दोन कोटेशन आणि पालकांची संमती. आणि साधन कोणाच्या मालकीचं हे अर्जातच लिहा. चष्मा, घुमटभिंग, पाट हे मुलाचं. पेटी शाळेची. मुलाचं साधन मुलाबरोबर घरी जाणार, मे महिन्याच्या सुट्टीत जाणार, शाळा बदलली तर तिकडेही जाणार. ‘जडसंग्रह नोंदवहीत चढवलंय, हरवलं तर जबाबदार कोण’ म्हणून साधनं कपाटात कुलूपबंद होतात. एकदा मुख्याध्यापकांच्या सहीने लिहून घेतलं की लिपिकही निर्धास्त.

साधनापेक्षा सरावाचे तास जास्त महत्त्वाचे, पण त्यासाठी पैसे मागायची आपल्याला लाज वाटते. निदान पहिले दोन महिने आठवड्याला दोन तास, वेळापत्रकात दाखवलेले, तुमचे. तेवढं मुख्याध्यापकांशी बोलून ठेवा. आणि दर वर्षी जूनमध्ये नव्या पुस्तकांवर पुन्हा मोजा, कारण इयत्ता वाढली की टाइप बारीक होतो. चौथीत पुरलेलं भिंग सातवीत पुरत नाही.

सुरुवात नववीतल्या विद्यार्थ्यापासून करा, वयाने लहान असलेल्यांची कितीही कळकळ वाटली तरी. त्याला पुढच्या वर्षी बोर्डाची परीक्षा आहे. जादा वेळ, मोठ्या टाइपातली प्रश्नपत्रिका, भिंग वापरायची परवानगी, यांचा अर्ज शाळेमार्फत वेळेत जावा लागतो, आणि ‘हा विद्यार्थी हे साधन वर्गात रोज वापरतो’ असं दाखवणारी वर्षभराची नोंद जवळ असली की कुणाशी वाद घालावा लागत नाही. सोमवारी त्याला एक मिनिट वाचायला लावा, शब्द मोजा, तारीख टाका. देणगीदारांना फोन त्यानंतर करा.